गॅस संपत नाही, गळतो

होळी झाली की गाड्यांच्या एसीचा मोसम सुरू होतो. गॅरेजच्या दारातला संवाद ठरलेला. "थंडच करत नाही हो." "गॅस संपलाय. भरून देतो, दोन तासांनी या." मालक दोन तासांनी येतो, गार वारा तोंडावर घेतो, पैसे देऊन खुशीत निघतो. पाऊस सुरू व्हायच्या आत वारा पुन्हा कोमट झालेला असतो, आणि पुढच्या होळीला तीच देवघेव. वास्तविक एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांच्या फेऱ्यात तो वर्षानुवर्षे फिरत राहायला हवा. कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर पडला, आणि ती जागा न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार.

नव्या गाडीत हे प्रकरण वॉरंटीत मिटते. प्रीमियर ११८ एनई, कॉन्टेसा, मारुती १००० किंवा सुरुवातीची टाटा सिएरा ज्यांनी सांभाळली आहे, त्यांची अडचण दुहेरी असते. दुरुस्ती तर आहेच, शिवाय ज्या गॅससाठी ती यंत्रणा आखली होती तो गॅसच आता बनत नाही. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर तपासून घेऊन, पर्यावरण कर भरून पुढे पाच-पाच वर्षे चालवता येते. त्यामुळे अशा गाड्या अजून सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दिसतात, आणि त्यांचे मालक बहुधा स्वतः पाने हातात घेणारे असतात. एसीचे काम घरी कितपत करावे, गॅस बदलून घ्यावा का, बदलला तर सोबत आणखी काय काय बदलावे, याबद्दल त्यांच्यात भरपूर मते आहेत आणि प्रत्येकाकडे आपल्या गाडीचा दाखला आहे.

माझे मत आधीच सांगतो. गॅस कोणता, हा यातला दुय्यम प्रश्न आहे. उष्णता बाहेर टाकायची सोय किती आणि नळ्यांची जोडणी किती घट्ट, यावर बहुतेक सगळे ठरते.

केबिनमधली उष्णता उचलून बोनेटच्या पुढे नेऊन टाकणे, एवढेच एसीचे काम. डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये द्रव गॅस कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना हवेतली उष्णता घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, तशी ती तापते. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये ती बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते, ड्रायरमध्ये तिच्यातला ओलावा टिपला जातो, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून ती परत कॉइलमध्ये शिरते. गॅसबरोबर थोडे तेलही सतत फिरत असते, कारण बहुतेक कॉम्प्रेसरना वंगण मिळायचा तोच एक मार्ग असतो. ही तेलाची गोष्ट लक्षात ठेवावी. गॅस बदलताना सगळी गडबड तिथेच होते.

जुन्या गाड्यांतला गॅस म्हणजे आर-१२. त्याआधी शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी वायू वापरत. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८च्या सुमारास आर-१२ पुढे आणला. तो निरुपद्रवी आहे हे पटवण्यासाठी मिजलीने १९३० साली रसायनतज्ज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. पेट्रोलमध्ये शिसे घालायची युक्तीही याच गृहस्थाची. एका माणसाने मोटारीला दोन वेळा इतके महागात पाडल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. १९४०च्या पॅकार्डमध्ये एसी थेट कारखान्यातून बसवून मिळू लागला, आणि पुढचे अर्धशतकभर मोटारीचा एसी म्हणजे आर-१२ हेच समीकरण राहिले. आपल्याकडे त्याच्या सिलिंडरवर मॅफ्रॉन, फ्लोरॉन असे देशी छाप असत.

१९७४मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी दाखवून दिले की हा वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९९५मध्ये पॉल क्रुट्झेन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले, पण त्याआधीच, १६ सप्टेंबर १९८७ला, माँट्रिअल करार झाला होता. अमेरिकेत १९९५ अखेर आर-१२चे उत्पादन थांबले आणि लगेच चोरटा व्यापार सुरू झाला. मायामीच्या कस्टमवाल्यांना अमली पदार्थांखालोखाल याच सिलिंडरांच्या मागे धावावे लागले. भारत १९९२मध्ये करारात आला, २०००मध्ये त्यासाठीचे नियम निघाले आणि १ ऑगस्ट २००८पासून, दम्याच्या पंपांना लागणारा थोडा औषधी दर्जाचा वायू सोडला तर, इथलेही उत्पादन बंद झाले. आज आर-१२ म्हणून जे मिळते ते जुना साठा असते, कुठून तरी काढून शुद्ध केलेले असते, किंवा भलतेच काहीतरी असते.

त्याच्या जागी आलेल्या आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. तापमानवाढीच्या हिशेबात मात्र तो साव नाही. शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट उष्णता अडवतो. आर-१२चा आकडा १०,९०० आहे, हा त्यातल्या त्यात दिलासा. मालकाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक दाबाचा. सतरा-अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही गॅसांचा दाब जवळजवळ सारखा असतो. त्याखाली शून्य अंशाला आर-१२ गेजवर सुमारे ३० पौंड दाखवतो, तर आर-१३४ए २८. वर ६० अंशांना आर-१२ सुमारे २०७ पौंडांवर असतो आणि आर-१३४ए २२९च्या घरात जातो. म्हणजे नवा गॅस खालच्या बाजूला थोडा कमी दाबाचा आणि वरच्या बाजूला जास्त. कॉम्प्रेसरला तेवढी जास्त चढण चढावी लागते. कंडेन्सर जितका तापलेला, तितकी ती चढण उभी.

म्हणून "आर-१३४ए घातला आणि थंडावा गेला" ही तक्रार खोटी नाही, पण अर्धी आहे. महामार्गावर ऐंशीच्या वेगाने जाताना तीच गाडी बऱ्यापैकी गार राहते. सायनच्या सिग्नलला तीन मिनिटे उभी राहिली की झरोक्यातून उबट वारा यायला लागतो. कंडेन्सरमधून हवा जात नाही, दाब चढतो आणि द्रव नीट होत नाही. त्या काळच्या गाड्यांत कंडेन्सर नागमोडी वळवलेल्या एकाच लांब नळीचा आणि पातळ पत्र्यांचा असे. त्याच मापाचा पॅरलल-फ्लो कंडेन्सर, ज्यात अनेक चपट्या नळ्यांतून गॅस एकाच वेळी वाहतो, बसवला तर चित्र पालटते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर टेप घेऊन गेलात तर मापात बसणारा बहुधा मिळतो. ब्रॅकेट वाकवून घ्यावी लागते, एवढेच. पंख्याभोवतीचा कव्हराचा पत्रा, म्हणजे श्राउड, अनेक गाड्यांतून कुठल्यातरी रेडिएटर दुरुस्तीत गायब झालेला असतो. त्याशिवाय पंखा आपलीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो. कंडेन्सरपुढे एक चांगला विजेचा पंखा आणि हा हरवलेला श्राउड, एवढ्यावर खर्च केलेला पैसा गॅसच्या वादावर घालवलेल्या वेळापेक्षा जास्त थंडावा देतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत तर हा फरक कुणी सांगायची गरज उरत नाही.

कोकणातला प्रश्न वेगळा. तिथे पारा कमी असतो, पण कूलिंग कॉइलची निम्मी ताकद हवेतला ओलावा गाळण्यात जाते. कॉइलच्या पेटीखालची पाण्याची नळी चिखलाने बुजलेली असेल, तर पाणी प्रवाशाच्या पायाशी येते आणि गालिचा कुजतो. डॅशबोर्डखाली आडवे होऊन ती पेटी उघडली की आत वाळक्या पानांचा भुगा, केस आणि काळसर चिकट थर दिसतो. कॉइलचे पत्रे त्याखाली झाकले गेलेले असतात. हे घरी करायचे काम आहे: मऊ ब्रश, साबणाचे पाणी, सबुरी. हीटरचा कॉकही तेव्हाच बघून घ्यावा. तो पूर्ण बंद होत नसेल तर इंजिनाचे गरम पाणी हीटरच्या जाळीतून फिरत राहते आणि एसीने गार केलेली हवा लगेच तापवते. असल्या गाड्यांना उगाच गॅस भरला जातो.

आता गळती. घरी सगळ्यात उपयोगी पडतो तो टॉर्च. गॅस सुटतो तिथे थोडे तेलही सुटते, तेलावर धूळ बसते, म्हणून गळणारा जोड आजूबाजूच्या पाइपापेक्षा काळा आणि बोटाला ओलसर लागतो. होजचे क्रिम्प केलेले टोक, कॉम्प्रेसरच्या मॅग्नेटमागची शाफ्ट सील, कंडेन्सरचा खालचा कोपरा जिथे चाकांचे खडे लागतात, आणि सर्व्हिस पोर्टचा बारीक वाल्व्ह, या जागा आधी बघाव्यात. त्या वाल्व्हवर टोपी नसेल तर तिथूनच सावकाश जात असते. टोपी ही शोभेची नसून दुसरी सील असते. नंतर साबणाचा फेस. पूर्वी मिस्त्री हॅलाइड टॉर्च घेऊन फिरत: ज्योत हिरवी झाली की गॅस सापडला. त्या ज्योतीत आर-१२ जळून फॉस्जीन हा विषारी वायूही तयार होत असे, आणि बंद गॅरेजात तो नाकात जात असे. आर-१३४एमध्ये क्लोरीनच नसल्यामुळे ती ज्योत हिरवी होत नाही. ते अवजार आता बाद झाले, हे बरेच झाले.

मोठी गळती नसेल तर नायट्रोजन मारून बघणे हाच पक्का मार्ग. रिकाम्या यंत्रणेत दीडशे पौंडांपर्यंत दाब देऊन रात्रभर काटा हलतो का ते पाहायचे. सिलिंडरमध्ये दाब दीडशे बारच्या आसपास असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय त्याला हात लावू नये. टायरवाल्याचा हवेचा पाइप लावणाऱ्यांना तर हात जोडून विनंती: हवेत ओलावा असतो, आणि दाबाखाली हवा व आर-१३४ए यांचे मिश्रण पेट घेऊ शकते.

गॅस बदलण्याविषयी एक पंथ म्हणतो की जुना काढा, अडॅप्टर लावा, तेल घाला, नवा भरा, झाले. दुसऱ्या पंथाच्या मते कॉम्प्रेसरपासून होजपर्यंत सगळे नवे घातल्याशिवाय हात लावू नये. अमेरिकेत नव्वदीच्या मध्यापासून लाखो गाड्या पहिल्या पद्धतीने बदलल्या गेल्या आणि त्यांतल्या कितीतरी वर्षानुवर्षे चालल्या. त्यामुळे दुसरा पंथ फारच घाबरट वाटतो. पण पहिल्या पंथाला तेलाचे गणित सांगावेच लागते. आर-१२सोबत खनिज तेल असे, ते त्यात विरघळून फिरत असे. आर-१३४एमध्ये ते विरघळत नाही. ते कंडेन्सरच्या तळाशी आणि कॉइलमध्ये साचून राहते, आणि इकडे कॉम्प्रेसर कोरडा पडतो. नव्या गाड्यांत पीएजी तेल असते, पण ते हवेतला ओलावा झपाट्याने ओढते आणि जुन्या यंत्रणेत उरलेल्या क्लोरीनशी त्याचे पटत नाही. घरगुती बदलासाठी एस्टर तेल बरे. ते उरल्यासुरल्या खनिज तेलाला चालवून घेते. पाइप धुऊन काढले आणि कॉम्प्रेसर नवाच घातला, तर त्या कॉम्प्रेसरच्या कंपनीने सांगितलेले तेल घालावे, मग ते पीएजी असले तरी चालेल.

धुण्याबद्दल एक सावधगिरी. कंडेन्सर, पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करता येतात. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवावा. ड्रायर आणि कॉम्प्रेसर यांत फ्लशिंगचे द्रावण कधीही घालू नये. ड्रायर नवाच हवा, आणि तो सगळ्यांत शेवटी, व्हॅक्यूम लावायच्या अगदी आधी उघडावा. आतले दाणे हवा लागताच ओलावा पिऊ लागतात. जुन्या ड्रायरमधले दाणे आर-१२साठीचे असतात. आर-१३४एला एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ प्रकारचे लागतात. काळ्या नायट्राइल ओ-रिंगांच्या जागी एचएनबीआरच्या, बहुधा हिरव्या मिळणाऱ्या, घालाव्यात. बसवताना त्यांना तेलाचा हात लावावा, कोरडी रिंग पाना फिरवताना चिरते. जुन्या रबरी होजमधून नव्या गॅसचे छोटे रेणू झिरपतात हे खरे, पण तीस वर्षे तेल प्यालेले रबर पुष्कळ अडवतेही. होज काढावाच लागणार असेल तर आतून नायलॉनचा थर असलेला बॅरिअर होज क्रिम्प करून घ्यावा. नसेल काढायचा तर त्यावरून झोप उडवू नये. जुन्या, विशेषतः बाहेरून बसवलेल्या एसींत दाब फार चढल्यास कॉम्प्रेसर थांबवणारा हाय-प्रेशर कटआउट नसे. नवा गॅस जास्त दाबाचा असल्याने ड्रायरच्या जोडीने हाय-लो स्विच बसवणे मी तरी ऐच्छिक मानत नाही.

व्हॅक्यूमच्या बाबतीत पुस्तकातला आकडा अंधपणे घेऊ नये. परदेशी पुस्तके पाऱ्याचे २९ इंच सांगतात, कारण ती समुद्रसपाटीवर लिहिलेली असतात. मुंबईत ते चालते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाबच २८ इंचांच्या आसपास असतो, त्यामुळे काटा त्याच्या पुढे जाणार नाही. महाबळेश्वरला तो साडेपंचवीसच्या जवळ थांबेल. पंप खराब म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी आपण किती उंचीवर आहोत ते बघावे. उद्देश काटा पळवायचा नसून आतले पाणी उकळवून बाहेर काढायचा आहे. ३० अंश तापमानाला पाणी उकळायचे तर आतला दाब पूर्ण निर्वातापासून सव्वा इंचाच्या आत आणावा लागतो. पंप अर्धा-पाऊण तास चालवावा, बंद करून काटा घसरतो का ते पाहावे. घसरला तर परत टॉर्च आणि साबण.

भरताना वजनकाटा लागतो, अंदाज नाही. मूळ पाटीवर आर-१२ एक किलो लिहिले असेल तर आर-१३४ए आठशे ते नऊशे ग्रॅम पुरतो. ड्रायरच्या डोक्यावरच्या काचेत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत भरणे ही आर-१२ची रीत होती. नव्या गॅसला ती लावली की हमखास जास्त भरला जातो आणि दाब चढतो. इंजिन चालू असताना गॅस फक्त कमी दाबाच्या बाजूने (लो साइडने), वाफेच्या रूपात द्यावा. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे. द्रव गॅसचा फवारा उणे २६ अंशांना उकळतो, आणि डोळ्यात गेला तर नुकसान कायमचे होऊ शकते.

मी स्वतः या कामाची वाटणी अशी करतो: उरलेला गॅस रिकव्हरी यंत्र असलेल्या दुकानात काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. मग पाने-पक्कड चालवायचे सगळे काम घरी, निवांत. शेवटचा व्हॅक्यूम आणि भरणे पुन्हा दुकानात, आपण शेजारी उभे राहून. गेज सेट आणि पंप घरी घेणाऱ्यांची हौस समजते, पण गॅस परत काढायचे यंत्र सहसा कोणी घेत नाही, आणि त्याशिवाय काही चुकले तर तो आकाशात सोडण्यापलीकडे पर्याय राहत नाही.

स्वस्त वाटांची मोहिनी मोठी. घरच्या एसीचा आर-२२ गाडीत भरणारे महाभाग अजून भेटतात. त्याचा दाब इतका जास्त असतो की जुने होज आणि सील त्याला पुरे पडत नाहीत. प्रोपेन-आयसोब्युटेनची मिश्रणे थंड चांगली करतात, हे मान्य करायला हवे. गोदरेजने २०१२मध्ये भारतात आर-२९०, म्हणजे प्रोपेनवर चालणारे स्प्लिट एसी आणले, तेव्हा हायड्रोकार्बन वाईट असे म्हणता येत नाही. पण ती यंत्रे त्यासाठीच आखलेली असतात आणि त्यांत गॅस मोजून थोडा असतो. जुन्या मोटारीत कूलिंग कॉइल प्रवाशांच्या गुडघ्यांपुढे असते, आणि पलीकडे ठिणग्या टाकणारा ब्लोअर आणि पेटलेली सिगारेट असू शकते. अमेरिकेत आर-१२च्या जागी गाडीत ज्वालाग्राही गॅस भरायला कायद्यानेच मनाई आहे. त्याहून वाईट म्हणजे बनावट आर-१३४ए. २०११मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये जहाजी शीतकंटेनरांचे स्फोट होऊन कामगार मेले. गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेले होते, आणि त्याची अॅल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवा लागताच पेटणारे रसायन तयार झाले होते. आपल्या कंडेन्सर-कॉइलचा धातूही तोच. ओळखीच्या दुकानातून, सीलबंद सिलिंडरमधून गॅस घेण्यात जास्त जाणारे पैसे वाया जात नाहीत.

मूळ आर-१२च ठेवू पाहणाऱ्यांचे म्हणणे एका बाबतीत पटते: यंत्रणा अजिबात गळत नसेल आणि थंड करत असेल, तर तिला बदलासाठी उघडण्याचे कारण नाही. उघडावीच लागली तर मात्र आर-१२वर थांबू नये, आर-१३४एवर यावे. तसे आर-१३४एचेही दिवस मोजलेले आहेत. युरोपात २०१७पासून नव्या गाड्यांत तो चालत नाही, तिथे आर-१२३४वायएफ आला आहे. माँट्रिअल कराराच्या २०१६च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे आर-१३४एच्या जातीच्या वायूंचा वापर २०२८पासून गोठेल आणि २०४७पर्यंत ८५ टक्क्यांनी उतरेल. म्हणजे आज बदललेल्या गाडीला पुरेल इतका काळ हा गॅस मिळत राहील. आर-१२३४वायएफ महाग आहे आणि मंदपणे का होईना पेटतो. जुन्या गाडीत तो घालण्याचा उत्साह मला अजून अनाठायी वाटतो.

काम झाले की एक चिठ्ठी मात्र लावावीच. अमेरिकेत गॅस बदललेल्या गाडीवर ती कायद्याने सक्तीची आहे, सोबत नव्या मापाची सर्व्हिस जोडणीसुद्धा. आपल्याकडे कोणी विचारत नाही, म्हणून जुन्या आट्यांच्या पोर्टवर आर-१३४एचे अडॅप्टर घट्ट बसवून टाकावेत आणि बोनेटच्या आतल्या पत्र्यावर, पोर्ट उघडताना नजर जाईल अशा जागी, गॅसचे नाव, ग्रॅम, तेलाचा प्रकार आणि तारीख पक्क्या शाईने लिहावी. नाहीतर पुढच्या होळीला कोणीतरी जुनी गाडी पाहून कपाटातला आर-१२चा उरलेला डबा काढेल, आणि एकाच कॉम्प्रेसरमध्ये दोन गॅस आणि तीन तेले फिरायला लागतील.